पाठमोरी खुर्ची

बेबीताई आत गेली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले होते, आणि बाहेर आली तेव्हा चार वाजून नऊ मिनिटं. सत्र असायचं पन्नास मिनिटांचं.

"झालं?" मी विचारलं.

तिनं चपला पायात सरकवल्या, माझ्या टेबलावर ओणवी झाली आणि कुजबुजली, "शालन, मला न्हाई जमायचं ते. मढ्यागत पडायचं अन् छताशी बोलायचं."

"छताशी नाही गं, सरांशी."

"सर कुठं दिसत्यात? मागं बसून कागदाची खुडखुड करत्यात. माझ्या पाठीला मुंग्या येत्यात."

कुजबुज म्हणजे नुसता वारा. आवाज नव्हताच त्यात. अडीच महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी बेबीताई नलवडेचा आवाज गेला, तो परतलाच नव्हता. आणि आवाज कुणाचा गेला? एसटीच्या कंडक्टरचा. मालगावहून मिरजेला मी सहा वर्षं तिच्या गाडीनं येत होते. मागच्या दारापाशी उभी राहून तिनं 'पुढं सरका' म्हटलं, की ड्रायव्हर जमादारचाचासुद्धा आपल्या सीटवर इंचभर पुढं सरकतात, असं आम्ही रोजचे प्रवासी म्हणायचो. त्या बाईला आता तिकीट विचारताना प्रवाशाच्या खांद्याला हात लावावा लागत होता. आठवडाभर तसं रेटलं. मग रजा टाकली.

घशाच्या दोन डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. घसा ठणठणीत. गंमत म्हणजे तिला खोकला आला, की चांगला खणखणीत यायचा. खोकल्याला आवाज होता, शब्दाला नव्हता. हे ऐकून मीच तिला आमच्याकडे आणलं. कारण असा घसा मी टाइप केला होता.

म्हणजे झालं असं, की मी तेव्हा डॉक्टर केळुसकरांच्या दवाखान्यात कामाला होते. मिरजेत दगड मारला तर तो डॉक्टरलाच लागतो म्हणतात, पण असला डॉक्टर गावानं पाहिला नव्हता. नाडी बघत नाही, गोळी देत नाही, आणि पन्नास मिनिटांत पाच वाक्यं बोलत नाही. मुंबईत तीस वर्षं मनोविश्लेषण करून, बायको वारल्यावर ते लेकीजवळ राहायला आले होते. दर रविवारी ते आठ-दहा जणांचा वर्ग घ्यायचे. त्यात दोन प्राध्यापक, एक वकिलीणबाई, एक सिस्टर, सगळे पदवीवाले. वर्गासाठी सर हातानं टिपणं काढायचे आणि मी ती कॉम्प्युटरवर उतरवायची. माझं शिक्षण दहावी आणि टायपिंग दोन बोटांचं. पण दोन बोटांनी टाइप करणाऱ्याच्या आत वाक्य फार सावकाश उतरतं, आणि सावकाश उतरलेलं टिकतं. अबोध मन म्हणजे काय, स्वप्न का पडतं, जे बोलता येत नाही ते शरीर कसं बोलून दाखवतं, हे सगळं मी अक्षर-अक्षर करून शिकले. आवाज गेलेली बाई तिसऱ्या टिपणात होती.

"अजून थोडे दिवस जाऊन बघ," मी म्हणाले.

"दिवस कुठं हायत?" बेबीताईनं पर्समधून घडी घातलेला कागद काढला. मला तो पाठ होता. एकोणीस तारखेला वैद्यकीय मंडळापुढं हजर राहायचं. मंडळानं अपात्र म्हटलं, की कंडक्टरकी संपली. नवरा तिनं सोडलेला. माहेरचं दार बंद. एका खोलीचं भाडं आणि खाकी कपड्यांचे दोन जोड, एवढाच तिचा संसार होता. आज आठ तारीख होती.

"घरी जाऊन काय करणार? तांदूळ निवडणार?" मी म्हटलं.

"तुझं डोस्कं निवडीन," ती कुजबुजली. पण शुक्रवारची वेळ घेऊनच गेली.

संध्याकाळी मी सरांना चहा दिला आणि उभी राहिले.

"बोला, शालनताई."

"बेबीताईचं काय होणार, सर?"

"रुग्णाविषयी आपण बोलत नाही."

"मग कंडक्टर लोकांविषयी बोलूया का?"

सरांनी चष्मा काढला. हसू आलं की ते चष्मा काढून पुसत बसायचे, म्हणजे हसू दिसत नसे. "प्रतिकार म्हणजे काय, टाइप केलंय ना तुम्ही? मन ज्या गोष्टीला घाबरतं, तिच्या दारापाशी आलं की पाय मागे घेतं. कुणी उशिरा येतं, कुणी गप्प बसतं. आपण थांबायचं."

"किती?"

"कधी वर्ष. कधी तीन."

"तिच्याकडं अकरा दिवस आहेत."

"मंडळाच्या तारखेशी अबोध मनाला देणंघेणं नसतं."

हे वाक्य सुंदर होतं. टाइप करायला मिळालं असतं तर मीही खूश झाले असते. पण त्या दिवशी मला ते लागलं.

शुक्रवारी बेबीताई लवकर आली. आमच्या बाहेरच्या खोलीत सात खुर्च्या होत्या. पंखा पहिल्या दोन खुर्च्यांवर फिरायचा, म्हणून सगळे तिथं बसायचे. बेबीताई मात्र दर वेळी शेवटची, भिंतीला टेकलेली, दाराजवळची खुर्ची धरायची. घामानं भिजायची, पण तिथंच. त्या दिवशी वॉचमन तिच्या मागून खिडकी लावायला गेला, तर ती अशी गर्रकन वळली की तोच दचकला.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. "बेबीताई, गाडीत तू बसतेस तिथं तुझ्या मागं कोण असतं?"

"माझ्या मागं?" तिला प्रश्नच कळेना. "माझ्या मागं कोण असणार? काच."

"आणि पुढं?"

"सगळी गाडी. पन्नास डोस्की. सगळ्यांच्या पाठी." आणि मग तिनं तोंडभर हसून कुजबुज केली, "कोण तिकीट चुकवतंय ते मला मानेवरनं कळतंय."

त्या दिवशी ती आत सात मिनिटं टिकली.

ती गेल्यावर मी सरांच्या खोलीत शिरले. दिवाण, त्याच्या उशाशी मागे सरांची उंच पाठीची खुर्ची, खिडकी.

"सर, तुमची खुर्ची मागं का असते?"

"अकरावं पान," सर वर न बघता म्हणाले.

"तेच म्हणते मी. 'बोलणाऱ्याला ऐकणाऱ्याचा चेहरा वाचता येऊ नये.' एवढंच कारण लिहिलंय. खुर्ची मागंच पाहिजे असं कुठं लिहिलंय? चेहरा दिसू नये, एवढंच ना? तुम्ही पुढं बसा, खिडकीकडं तोंड करून. ती मागं बसेल. तुमचा चेहरा दिसायचा नाही आणि तिच्या मागं कुणी असायचं नाही. जमादारचाचा पुढं बघून गाडी चालवतात, ही मागून बोलते. सहा वर्षं दोघं असंच बोललेत."

सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मला वाटलं, जिंकले.

"शालनताई," ते हळूच म्हणाले, "तंत्र म्हणजे भाजी नव्हे, चवीपुरतं मीठ घालायला. आज कंडक्टरसाठी खुर्ची फिरवली, उद्या शिंप्यासाठी शिलाई मशीन आणू? तिला मागे कुणी असणं असह्य होतं, हाच तर धागा आहे. तो तिनं सोडवायचा. आपण खुर्ची फिरवून तो तोडायचा नाही."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणून तर मला रात्रभर राग आला. खोटं असतं तर सकाळपर्यंत विसरले असते.

मंगळवारी, तेरा तारखेला, साडेतीनला सर लेकीकडे जेवून आले आणि हात धुवायला आत गेले. मी खोलीत घुसले. दिवाण भिंतीला लोटला. उंच खुर्ची ओढत खिडकीपाशी नेली, तोंड बाहेर, पाठ खोलीकडे. तिच्या मागे सहा फुटांवर, भिंतीला टेकून, माझं स्वतःचं स्टूल ठेवलं. या नोकरीवर माझ्या दोन पोरींच्या फिया चालल्या होत्या, आणि मी सरांची खुर्ची फिरवत होते. बाहेर येऊन बेबीताईला म्हटलं, "जा, बस आत. स्टुलावर."

तिनं दारातून डोकावलं. माझ्याकडं पाहिलं. आत जाऊन, भिंतीला पाठ लावून, पर्स मांडीवर धरून बसली. अगदी गाडीत बसायची तशी.

सर हात पुसत आले आणि उंबऱ्यावर थांबले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. पण विश्लेषकानं आपला राग-लोभ रुग्णासमोर दाखवायचा नाही, असं चौथ्या टिपणात त्यांनीच लिहिलं होतं, आणि ठळक अक्षरात टाइप करा असंही सांगितलं होतं. रुग्ण समोर बसली होती. सर मुकाट्यानं गेले आणि खिडकीकडे तोंड करून बसले. मी दार ओढून घेतलं.

चार वाजले. चार दहा झाले, ती बाहेर आली नाही. चार वीस. मी वेळापत्रकाच्या वहीत रेघा मारत बसले. चार पस्तीसला कुजबुजीचा वारा ऐकू यायला लागला, नुसता वारा, शब्द नाही. मग तोही थांबला. मला वाटलं, संपलं. आता दार उघडेल, ती बाहेर येईल, मागून सर येतील आणि मला म्हणतील, उद्यापासून येऊ नका.

चार एक्केचाळीसला आवाज आला.

"आये!"

मी उभी राहिले. वॉचमन बाहेरून धावत आला. "काय झालं वो?"

"आये! बघ की गं माझ्याकडं!"

अडीच महिने पडून राहिलेला, गंजलेला, फाटलेला, पण आवाज. तिचाच आवाज. मी आयुष्यात एकदाच विश्लेषकाच्या खोलीचं दार सत्र चालू असताना उघडलं, ते तेव्हा. तीन बोटं उघडलं असेल. बेबीताई स्टुलावरून उठून उभी होती. पर्स खाली पडली होती. ती सरांच्या पाठीकडं, खुर्चीच्या वर दिसणाऱ्या त्यांच्या पांढऱ्या केसांकडं बघून ओरडत होती.

"तीन वर्सं झाली! तीन वर्सं तोंड फिरवलंयस! माझ्याच गाडीत बसलीस, मलाच म्हणालीस, 'एक मिरज द्या, कंडक्टर.' द्या? मला द्या म्हणालीस? तिकीट फाडलं म्या तुझं! चाळीस मिनिटं तुझ्या अंबाड्याकडं बघत बसले, एकदा वळशील म्हणून! स्टँडवर उतरलीस. हाक मारायची व्हती मला. इथवर आली व्हती गं हाक, इथवर! गाडीभर लोक. तू वळली नसतीस तर? गिळली म्या!"

कुणीही वळलं असतं. मी वळले असते. पाठीमागं एक बाई अशी फुटली असताना माणूस वळतोच. सरांचा उजवा हात खुर्चीच्या दांडीवर होता आणि बोटं पांढरी पडली होती, एवढ्या जोरानं त्यांनी ती धरली होती. पण मान हलली नाही. ते वळले असते तर तिथं एक म्हातारा डॉक्टर दिसला असता, आणि आई गेली असती. ते खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाले, "बोला. ऐकू येतंय."

मी दार लावून घेतलं.

त्या दिवशी सत्र पन्नास मिनिटांत संपलं नाही. बेबीताई नंतर पावणेसहापर्यंत बोलत होती. मध्ये शिव्याही होत्या, काही मला नव्या होत्या. बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले. "शालन," ती मोठ्यानं म्हणाली, आणि स्वतःच्याच आवाजाला दचकली. मग पुन्हा म्हणून बघितलं, "शालन." आणि तिसऱ्यांदा, "शालन, पाणी दे की गं, बघत काय बसलीयस!"

वॉचमननं टाळ्या वाजवल्या. त्याला काय झालं ते आजही माहीत नाही.

ती गेल्यावर सरांनी मला आत बोलावलं. खुर्ची अजून खिडकीकडंच होती, आणि ते तिच्यातच बसले होते, पाठमोरे.

"तुम्ही खुर्ची हलवलीत."

"हो."

"मी नको म्हटल्यावर."

"हो."

"दार उघडलंत."

"तीन बोटं."

"आईचं तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही, सर. खरं सांगते. मी फक्त कंडक्टरचा विचार केला. मागं बसायची सवय असलेल्या बाईला मागं बसवावं, एवढाच. ती पाठीकडं बघून गप्प झाली होती, हे मला काय ठाऊक?"

"तिलाही नव्हतं," सर म्हणाले. "तिला वाटत होतं, थंडीनं घसा बसला. मला वाटत होतं, ती प्रतिकार करतेय. आणि ती बिचारी आठवडाभर पाठ शोधत होती." मग त्यांनी खुर्ची वळवली आणि चष्मा काढला. "दार उघडलंत ही चूक होती. ती पुन्हा करायची नाही. खुर्ची का फिरवली, ते मात्र लिहून काढा. रविवारी वर्गात तुम्ही सांगायचं."

"मी? तिथं प्राध्यापक असतात."

"असू देत. जे मला सुचलं नाही ते मी कसं शिकवणार?"

त्या रविवारी मी वकिलीणबाईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसले आणि बोलले. बेबीताईला विचारून, नाव-गाव न सांगता. काय बोलले ते आठवत नाही. सिस्टरनं दोन प्रश्न विचारले, एका प्राध्यापकांनी लिहून घेतलं. चहा त्या दिवशी सरांनी केला. साखर विसरले.

आवाज लगेच कायमचा परतला असं मी म्हणणार नाही. गुरुवारी तो पुन्हा निम्मा गेला. बेबीताई घाबरून धावत आली, स्टुलावर बसली, पाऊण तास बोलली आणि घेऊन गेली. शनिवारी शाबूत होता. सोमवारी, एकोणीसला, मी रजा घेऊन तिच्याबरोबर गेले.

मंडळात तीन डॉक्टर होते. मला बाहेरच्या बाकावर बसवलं. नंतर तिनंच सांगितलं, की मधल्या डॉक्टरांनी एक छापील उतारा वाचायला दिला. तो तिनं वाचला. मग ते म्हणाले, गाडीत बोलता तसं बोलून दाखवा. ही म्हणाली, गाडी दाखवा. ते हसले. ही हसली नाही. हिनं त्यांनाच प्रवासी केलं, एकाला खिडकीकडच्या खुर्चीत, दुसऱ्याला दाराकडं, शिपायाला सामान घेऊन मधे, आणि सगळ्यांना मिरजेपर्यंत नेलं. 'सेवेस पात्र' असा शिक्का घेऊन ती बाहेर आली तेव्हा आतून अजून हसण्याचा आवाज येत होता.

"चल," ती म्हणाली.

"पेढे घ्यायला?"

"भोसेवाडीला."

भोसेवाडी म्हणजे तिचं माहेर. आईनं तीन वर्षांपूर्वी, नवऱ्याला सोडून खाकीच्या पगारावर एकटी राहशील तर तोंड दाखवू नकोस, असं सांगून दार लावलं होतं तिथंच. मी म्हटलं, "बेबीताई, आज नको. आजचा दिवस आनंदाचा आहे."

"म्हणूनच."

वाटेत ती एक शब्द बोलली नाही. मला भीती वाटायला लागली, की ती आवाज साठवून ठेवतेय आणि ऐनवेळी तो पुन्हा फितूर होणार. भोसेवाडीच्या फाट्यावर उतरून आम्ही चालत गेलो. पत्र्याचं घर, पुढं सारवलेलं अंगण. अंगणात एक म्हातारी उकिडवी बसून शेंगा फोडत होती. आमच्या पावलांचा आवाज तिला आला असणार, कारण तिचा हात थांबला. पण ती वळली नाही. अंबाडा, त्याखाली वाळलेली मान, लुगड्याचा पदर. मला ती पाठ ओळखीची वाटली, जरी मी ती कधीच पाहिली नव्हती.

बेबीताई कुंपणापाशी थांबली. तिचा गळा हललेला मला दिसला. एकदा. दोनदा. मी तिचा हात धरणार होते, पण सरांची पांढरी पडलेली बोटं आठवली. मी हात मागं घेतला आणि थांबले.

"आये!"

समोरच्या लिंबावरचे कावळे उडाले. शेजारच्या घरातून एक बाई पीठ माखलेल्या हातानं बाहेर आली. मालगावच्या स्टँडवर ऐकू गेलं असतं एवढ्या जोरानं मारलेली हाक होती ती.

म्हातारीनं हातातली शेंग फोडली. दाणे सुपात टाकले. टरफल झटकलं. मग गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश, अख्खी वळली, आणि तीन वर्षांनी लेकीच्या तोंडाकडं बघत म्हणाली, "वरडतीस कशाला गं एवढं? भैरी हाय व्हय मी? ये, बस. शेंगा फोडू लाग."